रात्री दोनचा डबा: पाळीत काम करणाऱ्या नवऱ्याची साखर वाढली म्हणून विचारणाऱ्या ताईंना उत्तर

ताई, तुमचा प्रश्न मोठा होता. इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागावा म्हणून आधी तो थोडक्यात मांडतो. तुमचे मिस्टर ३६ वर्षांचे आहेत आणि चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत ११ वर्षांपासून ऑपरेटर आहेत. दर आठवड्याला पाळी बदलते: फर्स्ट, मग नाईट, मग सेकंड. उंची १६८ सेंटिमीटर, वजन ६८ किलो, कंबर ९६ सेंटिमीटर. कंपनीच्या वार्षिक तपासणीत उपाशीपोटीची साखर १०८ आली, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.१, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २४०, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३४ आणि बीपी १३४/८६. दारू नाही, गोडाची आवड नाही, घरात कुणाला मधुमेह नाही. तुम्ही विचारलंय की हे नाईटमुळे झालं का, भात बंद करू का, डब्यात काय देऊ आणि नोकरी सोडायला सांगू का.

मी २२ वर्षं भोसरी-चाकण पट्ट्यात डॉक्टरकी करतोय, त्यातली नऊ वर्षं आठवड्यातून तीन दिवस कारखान्यांच्या दवाखान्यात बसलो. तुमच्या घरासारखी घरं मी शेकड्यांनी पाहिली आहेत. त्यामुळे थेट उत्तर आधी देतो. नाईट हे कारण आहे, पण एकटं नाही. भात बंद करायची गरज नाही. डब्यात काय आहे याच्याइतकंच, किंबहुना थोडं जास्तच महत्त्व तो डबा किती वाजता उघडला जातो याला आहे. आणि नोकरी आज सोडायला लावू नका. आता हे सगळं सविस्तर सांगतो.

सुरुवात रिपोर्टपासून करू. तुम्ही लिहिलंय की रक्त सकाळी सातला, नाईट सुटल्यावर गेटजवळच्या दवाखान्यात घेतलं. मी लगेच विचारेन की पहाटे काय खाल्लं होतं? साडेतीन-चारला चहा-बिस्किट झालं असेल, आणि बहुतेकांचं होतंच, तर ती साखर उपाशीपोटीची नाही. उपाशीपोटीच्या साखरेला किमान ८ तास पोटात काही गेलेलं नसावं लागतं, ट्रायग्लिसराइडसाठी आम्ही १० ते १२ तास सांगतो. शिवाय रात्रभर जागलेल्या माणसाची साखर आणि बीपी दोन्ही थोडे चढे असू शकतात. म्हणून १०८, २४० आणि १३४/८६ हे तीनही आकडे पुन्हा तपासायला हवेत. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात गुरुवारी किंवा शुक्रवारी तपासा: रात्री नऊला जेवण, बारा वाजता सुटका, सहा-सात तास झोप आणि सकाळी साडेनऊला रक्त. हा आठवडा त्यासाठी सगळ्यात सोयीचा.

एचबीए१सीला ही अडचण नाही. तो गेल्या दोन-तीन महिन्यांचा हिशोब असतो, एका बिस्किटाने बदलत नाही. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, ६.५ पासून मधुमेह. फक्त सोबत हिमोग्लोबिन बघा, कारण अंगात लोह कमी असेल तर हा आकडा खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो. आणि कंबरेची टेप तर कुठल्याही पाळीत तेवढीच भरते. कंबर, साखर, ट्रायग्लिसराइड, एचडीएल, बीपी या पाचपैकी तीन गोष्टी बिघडल्या की त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. सध्याच्या रिपोर्टवर त्यांच्या पाचही बिघडलेल्या आहेत. फेरतपासणीत एक-दोन सुधारतीलही, पण ६.१ आणि ९६ हे खरं धरून चला.

"पण ते जाड नाहीत हो," असं तुम्ही दोनदा लिहिलंय. हे मला रोज ऐकायला मिळतं आणि याचं उत्तर पुण्यातच सापडलेलं आहे. केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आपल्याकडच्या माणसाची ठेवण दाखवून दिली: दिसायला सडपातळ, पण आतून चरबी जास्त. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा शेजारीशेजारी उभं राहिलेला फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) अगदी सारखा, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. वजनकाट्याला हा फरक दिसत नाही, कंबरेच्या टेपला दिसतो. म्हणून आपल्या लोकांसाठी मर्यादाही वेगळ्या ठरल्या. बीएमआय २३ पासूनच वजन जास्त समजायचं, आणि कंबर पुरुषांची ९० व बायकांची ८० सेंटिमीटरच्या आत हवी. तुमच्या मिस्टरांचा बीएमआय २४ आहे. हातपाय बारीक आणि शर्टाची बटणं पोटावर ताणलेली, असं चित्र असेल तर पोटातल्या, यकृताभोवतीच्या चरबीचा विचार करावा लागतो.

आता नाईटबद्दल. आपल्या अंगात एक घड्याळ असतं असं म्हणतात, खरं तर ती पुष्कळ असतात. मुख्य घड्याळ मेंदूत, डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर, सुमारे २० हजार पेशींचा एक पुंजका. ते उजेडावर चालतं. पण यकृत, स्वादुपिंड, आतडी, स्नायू यांचीही आपापली घड्याळं आहेत आणि ती मुख्यतः जेवणाच्या वेळेवरून लागतात. पेशीतलं हे घड्याळ नेमकं कसं चालतं, ते शोधणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रोसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं.

साध्या दिवसात ही घड्याळं एका तालावर चालतात. सकाळी उजेड येतो, माणूस उठतो, खातो, इन्सुलिन चांगलं काम करतं. रात्री अंधार पडला की मेलाटोनिन नावाचं संप्रेरक वाढतं, ते झोप आणतं आणि त्याच वेळी इन्सुलिन बनवणाऱ्या स्वादुपिंडाला हात आखडायला सांगतं. मध्यरात्रीनंतर स्वादुपिंडाची दुकान बंद करायची वेळ झालेली असते. अशा वेळी रात्री दोनला चार पोळ्या, बटाट्याची भाजी आणि भात पोटात गेला तर तीच साखर, जी दुपारी दोनला सहज जिरली असती, ती रक्तात जास्त वेळ आणि जास्त उंच रेंगाळते. इकडे मेंदूतलं घड्याळ म्हणतंय रात्र आहे, तिकडे यकृताला जेवण मिळाल्यामुळे ते म्हणतंय दिवस उगवला. ही फाटाफूट दर तीन आठवड्यांनी, अशी ११ वर्षं चालली आहे.

हे मी अंदाजाने सांगत नाही. २००९ मध्ये बॉस्टनच्या फ्रँक शीअर यांच्या गटाने १० निरोगी माणसांना प्रयोगशाळेत ठेवून २८ तासांचा दिवस जगायला लावला, म्हणजे जेवण-झोप हळूहळू सरकत उलटीपालटी झाली. ज्यांची मोजमापं पूर्ण मिळाली त्या आठांपैकी तिघांची जेवणानंतरची साखर थोड्याच दिवसांत उंबरठ्यावरच्या मधुमेहाइतकी गेली. ही माणसं आजारी नव्हती. अमेरिकेतल्या परिचारिकांच्या मोठ्या पाहणीत, जिचे निष्कर्ष २०११ मध्ये आले, बदलत्या रात्रपाळीची ३ ते ९ वर्षं झालेल्यांना मधुमेहाचा धोका सुमारे २० टक्के जास्त, १० ते १९ वर्षं झालेल्यांना ४० टक्के, आणि २० वर्षांच्या पुढे ५८ टक्के जास्त दिसला. त्यातला बराच भाग वाढलेल्या वजनामार्फत आला होता. ही गोष्ट मला आशेची वाटते, कारण वजन आणि कंबर आपल्या हातात आहे, पाळी नेहमीच असते असं नाही.

आणि सगळ्यात कामाचा अभ्यास २०२१ चा. याच बॉस्टनच्या मंडळींनी १९ माणसांना रात्रपाळीसारखं जागवलं. एका गटाला रात्रीही जेवण दिलं, दुसऱ्या गटाला जागरण तेवढंच, पण जेवण फक्त दिवसा. रात्री जेवणाऱ्यांची साखर वाढली. दिवसाच जेवणाऱ्यांची तशी वाढली नाही. प्रयोग लहान आहे आणि प्रयोगशाळेतला आहे, चाकणच्या शॉप फ्लोअरवर आठ तास उभं राहणं त्याहून वेगळं. तरी गेली काही वर्षं मी माझ्या पेशंटना पहिली गोष्ट हीच सांगतो: जागरण टळत नसेल तर निदान रात्रीचं जेवण टाळा.

आता तुमच्या घरातला नाईटचा एक दिवस बघू. तुम्ही लिहिलेल्या वेळा मी जोडल्या. रात्री साडेनऊला जेवण, पावणेअकराला बस. दोनला डबा: चार पोळ्या, भाजी, भात-वरण. मध्ये दोन-तीन चहा, एकदा बिस्किटं. सातला सुटल्यावर टपरीवर वडापाव किंवा पोहे. घरी आल्यावर तुमच्या समाधानासाठी पुन्हा थोडा नाश्ता. नऊ ते एक झोप. दीडला जेवण, पाचला चहा-खारी. म्हणजे चोवीस तासांत खाणं जवळजवळ थांबतच नाही. यकृताला उसंत मिळते ती फक्त झोपेच्या चार तासांत.

यात डबा भरणाऱ्या बाईचा दोष मी अजिबात काढत नाही. "रात्रभर उभा राहतो माणूस, उपाशी कसा पाठवू?" हे वाक्य मी किती आयांकडून आणि बायकांकडून ऐकलंय, त्याची गणती नाही. त्या डब्यात माया असते. मला फक्त तोच डबा सहा तास आधी, घरच्या ताटात वाढलेला हवाय.

माझी मांडणी अशी. नाईटच्या आठवड्यात मुख्य जेवणं दोन: उठल्यावर दुपारी तीनच्या सुमाराला एक आणि संध्याकाळी साडेसात-आठला दुसरं. सकाळी घरी आल्यावर झोपण्याआधी अगदी हलका नाश्ता, म्हणजे भुकेने मध्येच जाग येणार नाही: एखादं मुगाचं किंवा बेसनाचं धिरडं, नाहीतर एक उकडलेलं अंडं आणि बिनसाखरेचं दूध. आणि रात्री बारा ते पहाटे सहा या वेळात जेवण नाही. पाणी भरपूर, ताक चालेल.

पहिल्या आठवड्यात रात्री दोनला भूक लागेल, खूप लागेल, कारण ११ वर्षं पोटाला त्या वेळेची सवय आहे. त्यामुळे एकदम तोडू नका. पहिल्या नाईटच्या आठवड्यात चार पोळ्यांच्या दोन करा आणि भात काढा. पुढच्या नाईटला पोळ्या काढून डब्यात मोड आलेल्या मटकीची कोरडी उसळ एक वाटी किंवा दोन उकडलेली अंडी द्या. त्याच्या पुढच्या वेळी मूठभर फुटाणे-शेंगदाणे आणि एक पेरू. जमलं तर तेही साडेबाराच्या आत. पाळी बदलत असल्यामुळे या तीन पायऱ्यांना दोन-अडीच महिने लागतील. लागू देत. फर्स्ट आणि सेकंडच्या आठवड्यातही शक्य तितकी जेवणाची तीच वेळ ठेवा. सेकंडला कॅन्टीनमधलं जेवण आठ-नऊला होतं, ते पुरेसं आहे. रात्री साडेबाराला घरी आल्यावर परत ताट वाढू नका, झोपू द्या.

रात्र निभावायची ताकद संध्याकाळच्या ताटातून आली पाहिजे. ते ताट असं असावं: दोन भाकऱ्या किंवा तीन लहान पोळ्या, एक मोठी वाटी घट्ट वरण किंवा उसळ, एक भाजी बटाट्याशिवाय, काकडी-टोमॅटोची कोशिंबीर, वाटीभर दही. आठवड्यातून दोन-तीनदा अंड्याची किंवा चिकनची आमटी, तेलाचा तवंग न आणता. आपल्या जेवणात सगळ्यात कमी पडतात ती प्रथिनं. ६८ किलोच्या माणसाला रोज ६० ते ७० ग्रॅम हवीत. एका अंड्यात ६ ग्रॅम, घट्ट वरणाच्या वाटीत साधारण तेवढीच, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास. तुमच्या सध्याच्या डब्याचा हिशोब मांडला तर ते निम्म्यावर अडकतात, आणि म्हणून चार पोळ्या खाऊनही दोन तासांनी बिस्किटाची आठवण येते.

खाण्याचा क्रमही बदला. आधी कोशिंबीर आणि भाजी-उसळ, मग भाकरी-पोळी, भात शेवटी. त्याच ताटाने साखर कमी चढते. एक पैसा जास्त लागत नाही.

भात बंद करू नका. दुपारच्या जेवणात एक वाटी ठेवा. ज्याने जन्मभर भात खाल्लाय त्याचा भात तोडला की तो तीन आठवडे टिकतो आणि चौथ्या आठवड्यात लग्नाच्या पंगतीत सगळी कसर भरून काढतो. आणि ज्वारीच्या भाकरीचं थोडं बोलायलाच हवं. भाकरी चांगली, पोट भरते, चावावी लागते, पण ती औषध नाही. "आम्ही भाकरी सुरू केली" म्हणून चार-चार भाकऱ्या खाणारे मला दर आठवड्याला भेटतात. तीही शेवटी पिष्टमयच आहे, दोनवर थांबायचं.

दिवसातून दोनदाच आणि ५५ मिनिटांत जेवायची पद्धत आपल्याकडे घरोघरी पोहोचली आहे. तुम्हीही त्याबद्दल विचारलंय. दोनदा जेवण्याला माझा विरोध नाही, काहींना फायदा झालेला मी पाहिलाय. पण पाळीतल्या माणसाने ती करताना दोन्ही जेवणं दिवसाउजेडी किंवा संध्याकाळी बसवावीत. त्यातलं एक रात्री दोनला येत असेल तर मूळ दुखणं तसंच राहतं. उपवासाचंही तेच. संकष्टीला दिवसभर साबुदाणा, चंद्रोदयानंतर मोदक-भात आणि लगेच नाईटला रवाना, अशा दिवशी घरी यंत्र असेल तर पहाटे साखर मोजून बघा. एकादशी नि दुप्पट खाशी असं आपणच म्हणतो ना.

"गोड खात नाहीत," असं लिहून पुढे तुम्ही दिवसाला सात चहा लिहिले आहेत. कपाला दोन चमचे, म्हणजे १० ग्रॅम साखर. सात कपांत ७० ग्रॅम. चहातली साखर आपल्याकडे गोडात धरतच नाहीत. एकदम बिनसाखरेचा चहा जमत नाही, दर पंधरा दिवसांनी अर्धा चमचा कमी करा. जीभ ऐकते. कंपनीत मशीनचा चहा आधीच साखर घातलेला येत असेल तर तो दोनवर आणायचा, दुसरा मार्ग नाही. आणि शेवटचा चहा रात्री दोनच्या आत, कारण पोटात गेलेल्या कॅफिनपैकी अर्धं पाच-सहा तासांनीही अंगात असतं आणि सकाळची झोप खातं. कॅन्टीनच्या फ्रीजमधली एनर्जी ड्रिंक नकोच. साखर आणि कॅफिन दोन्ही एका बाटलीत येतात.

तंबाखूचं तुम्ही काही लिहिलं नाही. नसेल तर उत्तम. पण नाईटला झोप उडवायला चुना-तंबाखूची चिमूट धरणारे पुष्कळ असतात आणि घरी सांगत नाहीत. भांडण न करता विचारा. तंबाखू तोंडाचा कर्करोग देते हे सगळ्यांना माहीत आहे. सिगारेट ओढणाऱ्यांना मधुमेहाचा धोका ३० ते ४० टक्के जास्त असतो हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

झोपेबद्दल मात्र मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण जेवणाचं लोक ऐकतात आणि झोपेचं ऐकत नाहीत. तुमचे मिस्टर नाईटच्या आठवड्यात चार तास झोपतात. शिकागोत १९९९ मध्ये ११ तरुणांना सहा रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं, तेवढ्यात त्यांची साखर पचवण्याची क्षमता स्पष्ट घसरली. ते सगळे तरुण निरोगी होते. कमी झोपलेल्या माणसाला भूकही जास्त लागते, आणि ती कोशिंबिरीची लागत नाही, भज्यांची लागते.

दिवसा झोप न येण्याची कारणं मी घरी जाऊन पाहिली आहेत. वन बीएचके, एकच बेडरूम. सव्वानऊला कुकरच्या शिट्ट्या, दहाला कचऱ्याची गाडी गाणं वाजवत येते, अकराला पार्सलवाला बेल दाबतो, साडेबाराला शाळेतून मूल येतं आणि बाबांना बघून आनंदाने ओरडतं. कोण झोपेल? म्हणून काही गोष्टी ठरवून करा. गेटमधून बाहेर पडल्यापासून घरी येईपर्यंत काळा गॉगल, कारण सकाळचं ऊन मेंदूतल्या घड्याळाला "उठ" सांगतं. बसमध्ये मोबाइल नको. खोलीच्या खिडकीला जाड काळा पडदा, नसेल तर गोधडी लावा. पंखा किंवा कूलरचा एकसारखा आवाज बाहेरचा आवाज झाकतो. दारावर "नाईट आहे, बेल वाजवू नये" अशी पाटी. कुकर ते यायच्या आधी किंवा अडीचनंतर लावा. नातेवाइकांना सांगा की त्या आठवड्यात दुपारी तीनच्या आत फोन नाही. बँकेची, आधारची, गॅसची कामं सकाळी त्यांच्या माथी मारू नका. "ते घरीच असतात ना" हे वाक्य रात्रपाळीवाल्याचा सगळ्यात मोठा शत्रू आहे.

साडेआठ ते अडीच अशी सहा तासांची सलग झोप आणि संध्याकाळी जेवून, पंधरा मिनिटं चालून, पावणेनऊ ते सव्वादहा एक डुलकी. बस चुकू नये म्हणून ही डुलकी लोक टाळतात. घ्याच. पहाटे चारला मशीनवर हात जागेवर राहतो तो या डुलकीमुळे. आणि ते बसऐवजी मोटारसायकलवर येत असतील तर पुणे-नाशिक रस्त्यावर सकाळी सातला पेंगत चालवणं साखरेपेक्षा तातडीचं संकट आहे. डोळे जड झाले तर कंपनीतच वीस मिनिटं डोकं टेकून मग निघायचं.

एक गोष्ट फक्त तुम्हीच सांगू शकता: ते घोरतात का, आणि घोरता-घोरता श्वास मध्येच थांबून मग दचकल्यासारखा परत सुरू होतो का? असं असेल तर झोपेची वेगळी तपासणी करावी लागते. त्यावर उपचार आहे, आणि तो केल्याशिवाय बीपी आणि थकवा नीट ताब्यात येत नाही.

व्यायामावर फार लिहीत नाही. ऑपरेटर आठ तास उभा असतो म्हणून व्यायाम झाला असं होत नाही. दोन्ही मुख्य जेवणांनंतर पंधरा मिनिटं चालणं आणि आठवड्यातून तीनदा बैठका, जोर, जमतील तितके सूर्यनमस्कार. मांडीचे स्नायू साखर ओढून घेणारी सगळ्यात मोठी कोठारं आहेत. इतकं पुरे.

आता एक इशारा, हा तुमच्या मिस्टरांसाठी नाही. हे वाचणाऱ्यांत ज्यांना आधीच मधुमेह आहे आणि ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारखी साखर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे, त्यांनी वर सांगितलेला रात्रीचा खंड स्वतःच्या मनाने सुरू करू नये. माझ्याकडे एकाला बेशुद्धावस्थेत आणलं होतं. नाईटवरून आल्यावर चिठ्ठीवर "सकाळी" लिहिलेली गोळी घेतली, दोन घास खाल्ले आणि झोपले. अकराला बायकोने हाक मारली तर उठेनात. साखर ४१, म्हणजे धोक्याइतकी खाली. चिठ्ठी लिहिणाऱ्याला पेशंट पाळीत काम करतो हे माहीत नव्हतं, पेशंटला सांगावंसं वाटलं नव्हतं. त्या दिवसापासून मी प्रत्येक कागदावर पेशंटच्या नावाखाली पाळी लिहितो. अशा गोळ्या जेवणाला बांधलेल्या असतात, घड्याळातल्या सकाळला नाही. आपल्या डॉक्टरांना पाळीचं वेळापत्रक दाखवा आणि तिन्ही पाळ्यांसाठी गोळ्यांच्या वेळा वेगवेगळ्या लिहून घ्या.

सगळं घरावर टाकून कंपनीला मोकळं सोडणं मला पटत नाही. तुमच्याकडे फर्स्टनंतर नाईट, मग सेकंड अशी पाळी फिरते. ही उलटी फेरी आहे. माणसाचं आतलं घड्याळ २४ तासांपेक्षा किंचित लांब, सुमारे २४ तास १० मिनिटांचं असतं, त्यामुळे झोप पुढे ढकलणं सोपं जातं, मागे खेचणं अवघड. फर्स्ट, सेकंड, नाईट अशी सरळ फेरी शरीराला बरी, आणि कंपनीला त्यासाठी एक रुपया खर्च येत नाही. युनियनमार्फत किंवा सुपरवायझरमार्फत ही मागणी करता येते. मी दोन ठिकाणी ती मान्य झालेली पाहिली आहे.

कॅन्टीनचंही तसंच. १९४८ च्या कारखाने कायद्याने २५० हून जास्त कामगार असलेल्या कारखान्यांसाठी कॅन्टीनची तरतूद केली, पण रात्री तिथे काय मिळावं हे कुणी फारसं बघत नाही. एका कारखान्यात रात्री अडीचला वडापाव आणि गोड चहा एवढंच मिळायचं. आम्ही कॅन्टीन कमिटीला सांगून मुख्य जेवण रात्रीच्या पाळीला साडेबाराच्या आत आणलं आणि अडीचला उकडलेली अंडी, उसळ, ताक ठेवलं. पहिला महिना नाराजी होती, वडापाव परत आणा म्हणून सह्यांचं पत्र आलं. मग चहाची साखर वेगळ्या डब्यात ठेवली, ज्याने त्याने घालायची. सहा महिन्यांनी ताक आधी संपायला लागलं.

नोकरीबद्दल तुम्ही शेवटी, जरा बिचकतच विचारलंय. मिस्टरांचा एचबीए१सी ६.१ आहे, घराचे हप्ते चालू आहेत, मूल शाळेत आहे. पगार थांबला की झोपही जाते आणि जेवणही बिघडतं, हे मी बंद पडलेल्या कंपन्यांच्या कामगारांत पाहिलं आहे. या टप्प्यावर माणूस मागे फिरू शकतो. चेन्नईच्या डॉ. अंबाडी रामचंद्रन यांच्या गटाने अशाच उंबरठ्यावरच्या भारतीय लोकांवर अभ्यास केला, तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. आहार आणि चालण्यात बदल केलेल्यांत मधुमेह होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेतलेल्यांत २६.४ टक्क्यांनी. म्हणजे ताटातला बदल गोळीच्या तोडीचा ठरला. तो सगळ्यांना वाचवत नाही, हेही त्याच आकड्यांत दिसतं. म्हणून तपासण्या सोडायच्या नाहीत. पुढे कधी इन्सुलिन लागलं, हृदयाचा त्रास निघाला, झोपेत श्वास थांबण्याचा आजार मोठा निघाला, तर मात्र डॉक्टरांचं पत्र घेऊन जनरल शिफ्ट मागा. तेव्हा लाजायचं नाही.

आणि ताई, तुमच्या पत्रात तुमच्याबद्दल एकच ओळ होती: नाईटच्या आठवड्यात तुम्ही पाचला उठून मुलाचा डबा करता आणि रात्री ते बसला जाईपर्यंत जाग्या असता. तुमचीही झोप पाच तासांची भरतेय. टेप हातात आहेच, तर बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडून, स्वतःचीही कंबर मोजा. ८० च्या वर असेल तर मिस्टरांसोबत तुमचंही रक्त द्या. संध्याकाळचं ताट दोघांचं सारखंच राहू दे, वेगळा स्वयंपाक करू नका.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज तीन गोष्टी पेन्सिलीने लिहा: पाळी कुठली, शेवटचा घास किती वाजता, झोप किती तास. दर रविवारी कंबर. सेकंडच्या पहिल्या आठवड्यात रक्त पुन्हा तपासा, सोबत हिमोग्लोबिन आणि यकृताच्या तपासण्या. मग तीन महिन्यांनी परत एचबीए१सी. त्या वेळी रिपोर्ट तर आणाच, पण ती कॅलेंडरची पानंही फाडून घेऊन या. मी आधी ती बघेन.